खाटेभोवतीचा कायदा : उपचाराचा खर्च आधी कळण्याच्या हक्काची मराठवाड्यातील वाटचाल

भारतीय वैद्यक परिषदेने २००२ मध्ये डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाविषयी आणि नीतीविषयी जे विनियम जारी केले, त्यांत शुल्काबद्दल एक स्पष्ट अपेक्षा नोंदवलेली आहे : डॉक्टरने आपली फी सेवा देण्याआधी सांगावी, शस्त्रक्रिया किंवा उपचार सुरू झाल्यानंतर सांगू नये. फी व इतर आकार दवाखान्यातील फलकावर लावावेत, असेही त्याच विनियमांत म्हटले आहे. हे बंधन देशातील प्रत्येक नोंदणीकृत डॉक्टरवर होते; तरी त्याच्या पोटातला खरा प्रश्न, म्हणजे उपचाराला हात घालण्याआधी एकूण खर्चाचा आकडा कळणे हा रुग्णाचा हक्क आहे की तो सांगणे ही डॉक्टरची सभ्यता आहे, हा महाराष्ट्रात पुढे दोन दशके अनिर्णित राहिला. औरंगाबाद, म्हणजे २०२३ पासूनचे छत्रपती संभाजीनगर, या शहराच्या अंगाने हा इतिहास पाहिला तर त्याच्या खाचाखोचा अधिक ठळक दिसतात. कारण जालना, बीड, परभणी, हिंगोली आणि विदर्भाच्या कडेवरचा बुलढाणा या जिल्ह्यांतून मोठ्या दुखण्यासाठी माणसे याच शहरात येतात, आणि परगावी आलेल्या, ओळखदेख नसलेल्या, विमा नसलेल्या माणसाला खर्चाचा आकडा आधी कळण्याची गरज सर्वांत जास्त असते.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्याच १९५६ साली औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याला जोडलेल्या रुग्णालयाला अवघा मराठवाडा ‘घाटी’ या नावाने ओळखतो. पुढची कित्येक वर्षे या प्रदेशात मोठे उपचार म्हणजे घाटी असेच समीकरण होते. अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय १९७४ मध्ये आणि नांदेडचे १९८८ मध्ये आले. सरकारी रुग्णालयात केसपेपरचे शुल्क ठरलेले असे आणि बाकीचा भार शासन उचली, त्यामुळे ‘एकूण किती लागतील’ हा प्रश्न तिथे मुख्यतः बाहेरून आणाव्या लागणाऱ्या औषधांपुरता आणि नातेवाइकांच्या राहण्याजेवणापुरता उरे. गरीब कुटुंबाला तोही खर्च झेपत नसे, हे खरे. पण बिल नावाची वस्तू रुग्ण आणि डॉक्टर यांच्या मध्ये उभी नव्हती.

ती उभी राहिली १९८० च्या दशकात. महानगरपालिका १९८२ मध्ये स्थापन झाली, वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला, त्याच्या मागोमाग सुटे भाग बनवणाऱ्या उद्योगांची रांग लागली आणि पगारदार मध्यमवर्गाबरोबर खासगी रुग्णालयेही वाढली. तरुण डॉक्टरांच्या एका गटाने १९८९ मध्ये सुरू केलेले डॉ. हेडगेवार रुग्णालय सेवाभावी न्यासाचे होते; बाकी बहुतेक ठिकाणे डॉक्टर पती-पत्नींनी कर्ज काढून बांधलेली, खाली दवाखाना आणि वर घर अशा रचनेची, दहा-वीस खाटांची रुग्णालये होती. कारखान्यातील कामगाराला कामगार राज्य विमा योजनेचा आधार होता. शेतकऱ्याला, शेतमजुराला, किराणा दुकानदाराला आणि घरकाम करणाऱ्या बाईला तो नव्हता. या माणसांच्या बोलण्यात त्या काळी काही नवे शब्द आले आणि रुजले : ‘डिपॉझिट’, ‘पॅकेज’, ‘कच्चे बिल’, ‘पक्के बिल’, ‘एस्टिमेट’. यांपैकी शेवटचा शब्द मागणीचा होता. नातेवाईक काउंटरवर जाऊन ‘साहेब, एस्टिमेट द्या’ म्हणत, आणि ते कागदावर मिळाले तर त्याच्या आधारे सावकाराकडे, सोसायटीकडे किंवा मुख्यमंत्री सहायता निधीकडे पैशांची खटपट करीत. एस्टिमेटचा कागद त्यांच्या दृष्टीने तुलना करण्यासाठी नव्हताच, तो पैसा उभा करण्यासाठी होता. ही गोष्ट धोरणाच्या चर्चेत क्वचितच लक्षात घेतली जाते.

कायद्याचे पुस्तक मात्र या व्यवहारापासून दूर होते. खासगी रुग्णालयांच्या नोंदणीचा मुंबई राज्याचा कायदा १९४९ चा, म्हणजे मराठवाडा त्या राज्यात येण्याच्या सात वर्षे आधीचा. ‘मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम’ हे त्याचे नाव, आणि शुश्रूषागृह म्हणजे आजारी, जखमी किंवा दुर्बल व्यक्तींना दाखल करून घेऊन जिथे उपचार व शुश्रूषा दिली जाते ती जागा. त्यात प्रसूतिगृहही आले. ही व्याख्या पुढच्या सर्व गोष्टींच्या मुळाशी आहे, कारण तिच्या केंद्रस्थानी खाट आहे. जिथे खाट नाही तिथे हा कायदा नाही. शिवाय तो प्रारंभी काही मोठ्या शहरांपुरताच अमलात होता. १९९० च्या सुमारास एका मृत्यूनंतर मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली आणि हा कायदा कागदावरच पडून असल्याचे उघड झाले. न्यायालयाने अंमलबजावणी तपासण्यासाठी समिती नेमायला लावली. त्यातून उभ्या राहिलेल्या पाठपुराव्यात ‘सेहत’ ही संशोधन संस्था, पुण्याची ‘साथी’ आणि जन आरोग्य अभियान यांचा वाटा मोठा होता. २००५ मधील दुरुस्तीने कायदा राज्यभर लागू झाला. रुग्णालयांचे किमान दर्जे आणि रुग्णांचे हक्क सांगणारे नवे नियम मात्र त्यानंतर सुमारे पंधरा वर्षे अडकून राहिले, आणि या पंधरा वर्षांचे समर्थन करता येईल असे कोणतेही प्रशासकीय कारण दिसत नाही.

मधल्या काळात रुग्णाच्या हाती होते ते ग्राहक संरक्षणाचे शस्त्र. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा वैद्यकीय सेवेला लागू होतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९५ मध्ये ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ या खटल्यात दिला. २०१९ च्या नव्या कायद्याने वैद्यकीय सेवा वगळली असल्याचा दावा पुढे झाला, तो मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये फेटाळला. या वाटेने अनेक रुग्णांना न्याय मिळाला. पण ग्राहक आयोगाकडे जायचे ते नुकसान झाल्यावर. बिल भरले गेले, जमीन गहाण पडली, माणूस वाचला किंवा गेला, आणि मग तक्रार. खर्च आधी कळण्याचा हक्क हा स्वभावतःच उपचारापूर्वीचा हक्क आहे, त्यामुळे नंतरच्या भरपाईने त्याची भरपाई होत नाही. संमतीविषयक कायद्याची वाढ याच्याशी ताडून पाहण्यासारखी आहे. ‘समीरा कोहली’ खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की रुग्णाची संमती ग्राह्य ठरण्यासाठी त्याला उपचाराचे स्वरूप, हेतू, पर्याय आणि धोके यांची पुरेशी माहिती दिलेली असली पाहिजे. त्या यादीत शरीरावरचा धोका आला, संसारावरचा आला नाही. ज्या देशात एका शस्त्रक्रियेपायी कुटुंब कर्जात बुडते, तिथे किंमत ही उपचाराच्या धोक्यांपैकीच एक धोका मानायला हवी होती.

केंद्राने २०१० मध्ये वैद्यकीय आस्थापना कायदा केला आणि २०१२ च्या नियमांत प्रत्येक आस्थापनेने आपले दर स्थानिक भाषेत व इंग्रजीत ठळकपणे लावावेत अशी अट घातली. आरोग्य हा राज्यांच्या सूचीतील विषय असल्यामुळे हा कायदा राज्याने स्वीकारल्याशिवाय तिथे लागू होत नाही. महाराष्ट्राने तो स्वीकारला नाही. राज्याच्या स्वतंत्र विधेयकाचे मसुदे झाले, समित्या बसल्या, पण कायदा झाला नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली. तिच्यातील सतरा हक्कांपैकी माहितीच्या हक्कात उपचाराच्या अपेक्षित खर्चाचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि रुग्णाची प्रकृती किंवा उपचाराची दिशा बदलल्यामुळे खर्च वाढणार असेल तर तेही लेखी कळवावे असे तीत म्हटले आहे. दर आणि अंदाज यांतला फरक ओळखून तो मराठवाड्यातील रुग्णाला लागू पडेल अशा शब्दांत मांडणारा हा पहिला महत्त्वाचा दस्तऐवज म्हणावा लागेल.

हा फरक नीट उलगडून सांगितला पाहिजे. दरफलकावर खाटेचे दिवसाचे भाडे असते, डॉक्टरांच्या एका भेटीची फी असते, शस्त्रक्रियागृहाचा आकार असतो, प्राणवायूचा ताशी दर असतो. या प्रत्येक दराला किती दिवसांनी, किती भेटींनी, किती तासांनी गुणायचे हे फलकाला माहीत नसते आणि रुग्णाला तर नसतेच. ते फक्त उपचार करणाऱ्याला आपल्या अनुभवावरून साधारणपणे ठाऊक असते. अंदाज म्हणजे हा गुणाकार करून रुग्णाच्या हाती दिलेला आकडा. महाराष्ट्राच्या नियमांचा भर सतत फलकावर राहिला. गुणाकार नातेवाइकांवर सोपवला गेला.

या अंदाजाची पद्धत रुग्णालयांना ठाऊक नाही असे म्हणता येत नाही. विमा असलेला रुग्ण कॅशलेस सवलत मागतो, म्हणजे बिल आपल्याऐवजी कंपनीने थेट रुग्णालयाला द्यावे असे म्हणतो, तेव्हा रुग्णालय पूर्वमंजुरीसाठी एक अर्ज भरून पाठवते. विमा नियामक प्राधिकरणाने प्रमाणित केलेल्या त्या अर्जात किती दिवस दाखल राहावे लागेल, खोलीचे भाडे, अतिदक्षता कक्षाचा आकार, तपासण्यांचा अपेक्षित खर्च, शस्त्रक्रियागृह, डॉक्टरांची फी, औषधे आणि शेवटी एकूण अपेक्षित खर्च असे रकाने असतात, आणि ते भरल्याशिवाय मंजुरी येत नाही. राज्य शासनाच्या योजनेतही हेच घडते. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झालेली, पुढे राज्यभर विस्तारलेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाणारी जनआरोग्य योजना प्रत्येक उपचाराचे पॅकेज आधीच ठरवते. म्हणजे पैसे कंपनी देणार असो वा शासन, आकडा आधी मिळतो. स्वतःच्या खिशातून पैसे मोजणाऱ्यालाच तो मिळण्याची हमी नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत देशातील ग्रामीण भागात सुमारे ८६ टक्के आणि शहरी भागात सुमारे ८१ टक्के लोकांना आरोग्यखर्चासाठी कोणतेही विमासंरक्षण नसल्याचे दिसले होते. हमी नसलेला हा वर्ग म्हणजे जवळजवळ सगळा समाज होता. १ जुलै २०२४ पासून फुले योजना सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना आणि वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत लागू झाली, त्याने चित्र काहीसे बदलले. पण योजनेत नसलेले उपचार आणि योजनेशी न जोडलेली रुग्णालये यांच्यापुरता प्रश्न तसाच आहे.

उपचाराची किंमत सार्वजनिक होणे म्हणजे काय, याचा अनुभव औरंगाबादला आला तो साथीच्या काळात. कोविडचा फैलाव सुरू झाल्यावर राज्य शासनाने २१ मे २०२० रोजी अधिसूचना काढून खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले : विलगीकरणासह सामान्य कक्षात दिवसाला ४,००० रुपये, कृत्रिम श्वसनयंत्राविना अतिदक्षता कक्षात ७,५०० आणि यंत्रासह ९,०००. हा आदेश साथरोग कायदा १८९७, आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ आणि शुश्रूषागृह नोंदणी कायदा यांच्या आधारे काढलेला होता. त्याचे वैशिष्ट्य आकड्यांपेक्षा त्यांच्या रचनेत होते. दिवसाच्या दरात खाट, शुश्रूषा, डॉक्टरांची तपासणी, जेवण, नेहमीच्या रक्त-लघवी तपासण्या, क्ष-किरण, सोनोग्राफी, साधी औषधे हे सारे धरलेले होते आणि बाहेर काय राहील, म्हणजे सुरक्षापोशाख, सीटी स्कॅन, एमआरआय, टोसिलिझुमॅबसारखी महागडी औषधे, याची यादी वेगळी दिलेली होती. दर आणि अंदाज यांतले अंतर त्यामुळे खूपच कमी झाले. किती दिवस एवढाच प्रश्न उरला. सप्टेंबर २०२० मध्ये छातीच्या एचआरसीटी तपासणीचेही दर यंत्राच्या क्षमतेनुसार २,०००, २,५०० आणि ३,००० रुपये असे बांधले गेले. शहरात महापालिका आयुक्त आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी यांच्याकडे अंमलबजावणी होती, आणि बिले तपासायला लेखापरीक्षक नेमले गेले. ‘ऑडिटरला दाखवा’ हे शब्द बिलाच्या खिडकीपाशी प्रथमच ऐकू येऊ लागले. दुसऱ्या लाटेच्या अखेरीस, १ जून २०२१ रोजी, शासनाने शहरांचे तीन वर्ग केले. मुंबई, पुणे व नागपूर यांना पहिल्या वर्गात ठेवून औरंगाबादला नाशिक, सोलापूर, कोल्हापूर, नांदेड यांच्यासोबत दुसऱ्या वर्गात घातले, आणि या वर्गासाठी सामान्य कक्षाचा दर ३,०००, अतिदक्षता कक्षाचा ५,५०० व श्वसनयंत्रासह ६,७०० रुपये ठरला. लेखापरीक्षकाने प्रमाणित केल्याशिवाय पक्के बिल देऊ नये, अशीही अट घातली गेली.

आदेश पाळला गेला असे मात्र म्हणता येत नाही. जन आरोग्य अभियान आणि कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती यांनी अडीच हजारांहून अधिक रुग्णांच्या बिलांची पाहणी केली. त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांकडून ठरल्यापेक्षा जास्त रक्कम घेतल्याचे त्या पाहणीत आढळले. समितीशी जोडलेल्या महिलांपैकी अनेकींनी पती गमावला होता आणि कर्ज मात्र त्यांच्या नावावर उरले होते. तरीही एक गोष्ट घडली : बिल जास्त आहे हे सिद्ध करता येऊ लागले, कारण तुलनेला एक सार्वजनिक आकडा होता. आकडा नसता तर ही पाहणीच शक्य झाली नसती. दुसऱ्या बाजूने, कोविड नसलेल्या रुग्णांचेही दर याच आदेशाने बांधण्याचा शासनाचा प्रयत्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२० मध्ये रद्द केला. ज्या कायद्यांचा आधार घेतला होता ते शासनाला तसा अधिकार देत नाहीत, हे त्याचे कारण. हा निर्णय कायद्याच्या दृष्टीने समजण्यासारखा आहे, आणि त्याने दाखवलेली पोकळी विधिमंडळाने भरायची होती.

त्यातली थोडी पोकळी नियमांनी भरली. १४ जानेवारी २०२१ रोजी, म्हणजे दोन लाटांच्या मधल्या थोड्याशा उसंतीत, शुश्रूषागृह नोंदणीचे सुधारित नियम राजपत्रात आले. प्रत्येक शुश्रूषागृहाने रुग्णहक्कांची सनद आणि खाटभाडे, डॉक्टरांची व भूलतज्ज्ञाची फी, शस्त्रक्रियागृह, शुश्रूषा, प्राणवायू, तपासण्या इत्यादींचे दरपत्रक दर्शनी भागात लावावे, आणि नोंदणी प्राधिकाऱ्याने, म्हणजे शहरात महापालिकेने, तक्रार निवारण कक्ष व निःशुल्क दूरध्वनी क्रमांक ठेवावा, असे त्यांत सांगितले आहे. किती दर घ्यावा यावर नियमांनी बंधन घातले नाही. जो घ्याल तो आधी सांगा, एवढेच म्हटले.

डॉक्टरांच्या बाजूचा युक्तिवाद येथे प्रामाणिकपणे मांडला पाहिजे, कारण तो पोकळ नाही. शरीर हे बांधकाम नव्हे. अपेंडिक्सची साधी वाटणारी शस्त्रक्रिया पोट उघडल्यावर गुंतागुंतीची निघते, डेंग्यूचा रुग्ण तिसऱ्या दिवशी एकाएकी ढासळतो, आणि सांगितलेल्या आकड्यापेक्षा बिल वाढले की नातेवाइकांचा संताप डॉक्टरवर निघतो. रुग्णालयांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राला २०१० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, ही त्या भीतीची पुरेशी साक्ष आहे. दहा खाटांचे रुग्णालय चालवणाऱ्या डॉक्टरला हिशेबनीस ठेवणे परवडत नाही, हेही खरे. पण या युक्तिवादातून अंदाज देऊ नये असा निष्कर्ष निघत नाही. अंदाज हा अंदाज आहे हे लिहून द्यावे, कोणत्या परिस्थितीत तो किती वाढू शकतो हे सांगावे आणि वाढताच कळवावे, एवढाच निघतो. मानवी हक्क आयोगाच्या सनदेने नेमके तेच म्हटले आहे. संताप येतो तो बहुतेकदा आकडा मोठा आहे म्हणून येत नाही, तो न कळवता वाढला म्हणून येतो.

ही सारी चर्चा दाखल झालेल्या रुग्णाची आहे. जो दाखल होत नाही, ज्याचा उपचार खुर्चीत समोरासमोर बसून होतो, त्याच्यासाठी या नियमांत काही नाही. मानसोपचार, विशेषतः संवादातून चालणारे समुपदेशन आणि मनोचिकित्सा, या उपचाराचे स्वरूपच वेगळे आहे : एक बैठक साधारण पाऊण तास ते तासाभराची असते, एका बैठकीने काम होत नाही, आणि विचार व वर्तन यांवर पद्धतशीर काम करणाऱ्या उपचारातही साधारण ६ ते २० बैठका लागतात. एका बैठकीची फी फोनवर विचारली तर बहुधा कळते. अशा किती बैठका, किती महिने, हे कळत नाही. आणि ते कळले नाही म्हणून दोन-तीन बैठकांनंतर पैसे संपून उपचार अर्धवट सुटतो, हे या क्षेत्रातील नित्याचे दुःख आहे. मराठवाड्यात त्यावर प्रवासाचा खर्च चढतो. राज्याची जुनी चार मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. त्यांतले एकही मराठवाड्यात नाही. म्हणून हिंगोलीच्या किंवा बीडच्या माणसाला घाटीचा मानसोपचार विभाग किंवा शहरातील खासगी तज्ज्ञ हेच पर्याय उरतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात कुटुंबांचा उपचार आणि प्रवास यांवरचा मासिक खर्च सुमारे १,००० ते १,५०० रुपये दिसला होता, आणि तो कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या घराला जड जाणारा होता.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला आणि त्याने या क्षेत्रात मोलाचे बदल केले. परवडणाऱ्या खर्चात मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क त्याने दिला, आणि शारीरिक आजारांच्या धर्तीवर मानसिक आजारांनाही विमासंरक्षण देणे विमा कंपन्यांवर बंधनकारक केले. परंतु रुग्णाच्या माहितीच्या हक्काचे जे कलम आहे त्यात आजाराचे स्वरूप, उपचाराचा आराखडा आणि औषधांचे ज्ञात दुष्परिणाम हे सांगितले पाहिजे असे म्हटले असून खर्चाचा शब्द नाही. शिवाय ज्या मानसिक आरोग्य आस्थापनेची नोंदणी करायची तिची व्याख्या पुन्हा रुग्ण जिथे दाखल होतो वा राहतो ती जागा अशीच आहे. १९४९ च्या खाटेने २०१७ मध्येही आपली जागा सोडलेली नाही. विम्याचेही तेच. बहुतेक पॉलिसी दाखल होण्याच्या खर्चापुरत्या असल्यामुळे, ज्याच्या हाती पॉलिसी आहे तोही समुपदेशनाच्या खोलीत शिरताच विमा नसलेला माणूस होतो. शासनाने शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी मराठवाडा आणि विदर्भातील १४ जिल्ह्यांत चालवलेला ‘प्रेरणा’ प्रकल्प किंवा १० ऑक्टोबर २०२२ पासूनची टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची दूरध्वनी सेवा यांमुळे विनामूल्य आधाराची एक वाट उघडली आहे. ती पहिल्या आधाराची वाट आहे, दीर्घ उपचाराची नाही.

अमेरिकेने याच कोंडीवर काढलेला मार्ग येथे तुलनेसाठी उपयोगी आहे. तिथे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, विमा नसलेल्या किंवा तो न वापरता स्वतः पैसे भरणाऱ्या रुग्णाला अपेक्षित खर्चाचा लेखी, प्रामाणिक अंदाज द्यावा लागतो, आणि हे बंधन एकट्याने काम करणाऱ्या मनोचिकित्सकालाही लागू आहे. पुनःपुन्हा होणाऱ्या बैठकांसाठी बारा महिन्यांपर्यंतचा एकच अंदाज देता येतो. प्रत्यक्ष बिल अंदाजापेक्षा ४०० डॉलर किंवा अधिक वाढले तर रुग्ण १२० दिवसांत तंटा दाखल करू शकतो. तिथल्या उपचारांची किंमत आणि विम्याची रचना भारताला आदर्श म्हणून दाखवता येणार नाही; मात्र बैठकांची संख्या अनिश्चित असते म्हणून अंदाज देताच येत नाही, ही हरकत त्या व्यवस्थेने व्यवहारात निकाली काढली आहे.

भारतातही ‘अंदाज’ हा शब्द एकदा कायद्याच्या भाषेत आला होता. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी डॉक्टरांच्या वर्तनाचे नवे विनियम राजपत्रात प्रसिद्ध केले. त्यांत तपासणीपूर्वी फी सांगण्याच्या जुन्या अपेक्षेच्या पुढे जाऊन, रुग्णाला विचारपूर्वक निर्णय घेता यावा यासाठी शस्त्रक्रियेच्या किंवा उपचाराच्या खर्चाचा वाजवी अंदाज द्यावा, असे सांगितले होते. त्याच विनियमांत औषधे जेनेरिक, म्हणजे कंपनीच्या छापील नावाऐवजी मूळ औषधी नावाने लिहून देण्याची सक्ती होती, आणि तिच्यावरून डॉक्टरांच्या संघटनांनी देशभर विरोध केला. अंदाजाच्या तरतुदीवर वाद पेटला नव्हता. पण २३ ऑगस्ट २०२३ रोजी विनियम सगळेच्या सगळे स्थगित झाले, २००२ चे विनियम पुन्हा लागू झाले, आणि खर्चाच्या वाजवी अंदाजाचे ते वाक्य तीन आठवड्यांत पुस्तकातून गेले. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांना तर ते मुळातच लागू नव्हते, कारण ते वैद्यकीय आयोगाच्या कक्षेत येत नाहीत. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे होते, आणि वर्तन-आरोग्याच्या इतर व्यावसायिकांना २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याने प्रथमच राष्ट्रीय आयोग व राज्य परिषदा यांच्या चौकटीत आणले आहे. त्यांच्यासाठीची आचारसंहिता त्या चौकटीतच तयार व्हायची आहे, आणि बैठका सुरू होण्याआधी त्यांचा एकूण अंदाज लेखी देण्याचे कलम मराठवाड्यातील रुग्णासाठी यापुढे लिहिले जायचे असेल, तर त्याची जागा तिथे आहे.